पिंपळीला सावली हवी, अंधार नको

माझ्या पहिल्या पिंपळीने मला तीन वर्षं झुलवत ठेवलं. वेल जोमात होता, पानं हिरवीगार होती आणि दरवर्षी बारीक, लांबट, पिवळसर तुरे यायचे. ते महिनाभर दिसायचे, मग सुकून गळून पडायचे. ज्या काळपट, जाडसर फळांसाठी मी वेल लावला होता, त्यांचा पत्ता नव्हता. मी खत बदललं, कुंडी बदलली, जागा बदलली. शेवटी एका जाणत्या माणसाने तुरा हातात घेतला आणि हसून सांगितलं, "हा नर आहे. याला जन्मभर खत घातलंत तरी पिंपळी लागायची नाही."

मग मी मादी वेल मिळवला, आणि सावली आवडते म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली नेऊन ठेवला. तोही जगला. पानंही आली. फळ मात्र नाहीच!

दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज होता. झाड जगलं म्हणजे त्याला हवं ते मिळालं, असं मी धरून चाललो होतो. पिंपळी जगवणं सोपं आहे, तिच्याकडून फळ मिळवायचं तर थोडं खोलात जावं लागतं.

आधी ओळख

पिंपळीचं शास्त्रीय नाव पायपर लाँगम. काळी मिरी आणि विड्याचं पान यांच्याच कुळातली. पिंपळाच्या झाडाशी तिचा काही संबंध नाही, साम्य फक्त नावात. सुकलेलं फळ शेळीच्या लेंडीसारखं दिसतं म्हणून तिला लेंडी पिंपळी म्हणतात. नाव काही काव्यमय नाही, पण एकदा ऐकलं की विसरत नाही. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतो. सितोपलादी चूर्णातही ती असते. गजपिंपळी मात्र वेगळी. ती अळूच्या कुळातल्या एका वेलाची फळं आहेत, ते नाव ऐकून गोंधळू नका.

एके काळी हिचा दिमाख मिरीपेक्षा मोठा होता. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने मसाल्यांचे भाव लिहून ठेवलेत. काळी मिरी एका पौंडाला ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५. युरोपातल्या भाषांमध्ये मिरीला जे शब्द आहेत, ते ग्रीकमधून गेलेले 'पिप्पली' याच शब्दाचे अवतार आहेत. म्हणजे मिरीने पुढे बाजार तर घेतलाच, वर नावही पिंपळीचंच घेतलं.

ही जंगलात मोठ्या झाडांखाली, ओलसर जमिनीवर पसरणारी वनस्पती. पश्चिम घाटात आणि ईशान्य भारतात ती अशीच रानात वाढते. मिरीसारखी उंच चढत नाही. जमिनीवर सरपटते आणि जिथे पेर मातीला टेकेल तिथे मूळ धरते. नीट पाहिलं तर एकाच वेलावर दोन तऱ्हेची पानं दिसतील. सरपटणाऱ्या फांद्यांवरची पानं रुंद, हृदयाकृती आणि लांब देठाची. फळ धरणाऱ्या, वर उठणाऱ्या फांद्यांवरची पानं लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि खोडाला मिठी मारून बसलेली. रोप घेताना ही खूण फार उपयोगी पडते, कारण याच कुळातल्या हृदयाकृती पानांच्या इतर वनस्पतीही पिंपळी म्हणून हातात ठेवल्या जातात.

सावली म्हणजे नेमकं किती?

'अर्धसावलीत लावा' हे वाक्य बागकामात सर्रास ऐकू येतं आणि त्यातून कोणाला काही कळत नाही. म्हणून आधी पानाचा जमाखर्च समजून घेऊ.

उजेड पडला की पान अन्न तयार करतं, ही कमाई. पण झाड रात्रंदिवस श्वसनही करतं, तो खर्च. उजेड कमी करत गेलं की एक क्षण असा येतो, जेव्हा कमाई आणि खर्च बरोबरीत येतात. त्याच्या खाली झाड साठवणीवर जगतं आणि हळूहळू खंगतं. उन्हात वाढणाऱ्या झाडांचा खर्च मोठा असतो, म्हणून कमी उजेडात ती लवकर दिवाळखोर होतात. सावलीतल्या वनस्पतींनी खर्चच कमी ठेवलेला असतो. त्यांची पानं पातळ आणि रुंद असतात, आणि त्यांच्यातलं हरितद्रव्य मिळेल तो उजेड टिपून घेण्यासाठी रचलेलं असतं. त्यामुळे थोड्या मिळकतीतही त्यांचं घर चालतं.

पण घर चालणं वेगळं आणि शिल्लक पडणं वेगळं. फळ ही शिल्लक आहे. माझा जिन्याखालचा वेल महिन्याचं भागवत होता, त्याच्या हातात उरत काही नव्हतं. म्हणून पानं येत होती, फळांची कणसं येत नव्हती.

आता दुसरं टोक. सावलीतल्या पानाची अन्न बनवायची क्षमता लवकर भरते. त्यानंतर पडणारा उजेड त्याला वापरता येत नाही. पंगतीत पोट भरल्यावरही वाढपी वाढतच राहिला तर ताटाबाहेर सांडणारच. पानात ही जास्तीची ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडू लागते. पान आधी फिकट पिवळं पडतं, मग त्यावर करपलेले डाग येतात. त्यात पिंपळीची मुळं उथळ. पातळ, रुंद पानातून पाणी झरझर उडतं आणि खालून तितक्या वेगाने पुरवठा होत नाही. त्यामुळे भर उन्हातली पिंपळी माती ओली असतानाही दुपारी मान टाकते.

या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची आहे. केरळ कृषी विद्यापीठाने पिंपळीसाठी २० ते २५ टक्के सावली सुचवली आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चक्रावलो होतो. म्हणजे तीन चतुर्थांश उजेड तिला हवाच! विरळ झावळ्यांच्या उंच झाडांखाली जो गाळीव, हलता उजेड पडतो, तो साधारण असा असतो. गर्द आंब्याखाली मात्र दहा टक्के उजेडही पोचत नाही.

आपला डोळा इथे फसतो, कारण बाहुली आकसते आणि पसरते, त्यामुळे दहापट फरकही आपल्याला थोडासाच वाटतो. आकड्यांत पाहा. स्वच्छ दिवशी भर दुपारच्या उन्हात साधारण १,००,००० लक्स उजेड असतो. भिंतीच्या सावलीत, पण डोक्यावर मोकळं आकाश असलेल्या जागी, दहा-वीस हजार. आणि खोलीत, खिडकीपासून दोन पावलं आत, जेमतेम पाचशे ते हजार. ती जागा आपल्याला छान उजेडाची वाटते, पानाच्या दृष्टीने मात्र ती संध्याकाळ असते. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप मिळतं. ते अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला पानाच्या उंचीवर मोबाइल धरून आकडे लिहून ठेवा. माझ्या जिन्याखालचा दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा नऊशे होता. त्याउपर वेलाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. झाडाची सावली आणि भिंतीची सावली एकसारखी नसते. पानं लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतात, पण लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाश खाली सोडतात. त्यामुळे झाडाखाली नुसता उजेड कमी होत नाही, त्याची प्रतही बदलते. 'माझ्या डोक्यावर दुसरी पानं आहेत' हे वनस्पतीला कळतं ते या बदलावरून. भिंत किंवा काळी जाळी प्रकाशाचं प्रमाण कमी करते, प्रत फारशी बदलत नाही. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की मोठं झाड नसेल तर शेडनेट वापरायला हरकत नाही. फक्त जाळीवरचा आकडा नीट वाचा. ५० टक्के लिहिलेली जाळी निम्मा उजेड अडवते, ७५ टक्क्यांची तीन चतुर्थांश. दमट हवेत विरळ जाळी पुरते. कोरड्या, तापलेल्या हवेत ५० टक्क्यांची बरी, कारण तिथे उजेडापेक्षा कोरडेपणाच पान जाळतो. याच कारणाने सकाळचं कोवळं ऊन चालतं आणि दुपारचं चालत नाही. दहाच्या आणि दोनच्या उन्हात उजेडाचा फार फरक नसला तरी दुपारची हवा जास्त तापलेली आणि सुकलेली असते.

नर की मादी

पिंपळीत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, जसं पपईत असतं. फुलं इतकी बारीक की एकेक फूल ओळखणं अशक्य, पण तुरा पाहून कळतं. नर तुरा बारीक, लांब आणि पिवळसर. मादी तुरा आखूड, जाड, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटरचा. तो पानाच्या समोरच्या बाजूला, फांदीवर ताठ उभा असतो; मिरीच्या घोसासारखा खाली लोंबत नाही. औषधात वापरतात ती पिंपळी म्हणजे या मादी वेलाची कणसं. एका कणसात अनेक बारीक फळं एकमेकांना चिकटून बसलेली असतात.

बी पेरलं तर नर निघेल की मादी, ते तुरा येईपर्यंत कळायचं नाही. म्हणून पिंपळी लावायची ती काडीनेच, आणि काडी घ्यायची ती डोळ्यांनी कणीस पाहिलेल्या वेलाची. 'मादीच आहे हो, बिनधास्त न्या' या आश्वासनावर मी एकदा तीन वर्षं घालवली आहेत. केरळ कृषी विद्यापीठाची 'विश्वम' ही जात अशीच निवडलेल्या मादी वेलापासून वाढवलेली आहे. ती मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

लावणं

काडी तीन ते पाच पेरांची घ्या, फार कोवळी नको आणि लाकडासारखी टणकही नको. खालची पानं काढून दोन पेरं मातीत जातील अशी खोचा. मूळ फुटतं ते पेरातून, त्यामुळे पेर वर राहिलं आणि नुसती कांडी मातीत गेली तर काडी कुजते. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्यांत काड्या लावल्या की दोनेक महिन्यांत रोपं तयार होतात आणि पावसाच्या तोंडावर जागेवर लावता येतात. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला जागा ओकीबोकी दिसेल आणि मधे आणखी चार रोपं खुपसायचा मोह होईल. आवरा. वर्षभरात वेल ती जागा स्वतःच भरतो.

कुंडीत लावणार असाल तर खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी किंवा टब घ्या. मुळं वरच्या थरातच राहतात, खालची माती नुसती ओली राहून आंबते. पण पसरट भांड्याचा खरा फायदा वेगळा आहे. वेल मातीवर पसरतो, प्रत्येक पेर नवं मूळ धरतं, आणि तिथूनच फळ देणाऱ्या नव्या फांद्या वर येतात. अरुंद कुंडीतून बाहेर लोंबणारी पिंपळी दिसते छान, पण तिची अर्धी पेरं हवेत लटकून फुकट जातात.

माती जंगलातल्या जमिनीसारखी हवी. भुसभुशीत, काळसर, कुजलेल्या पाल्याने भरलेली. बागेतली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत निम्मंनिम्मं, त्यात निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू, एवढं पुरतं. पृष्ठभाग कधी उघडा ठेवू नका. वाळलेल्या पाल्याचं दोन बोटं जाड आच्छादन उथळ मुळांना गार ठेवतं आणि कुजून खतही होतं. माझ्या अनुभवात पिंपळीला रासायनिक खताच्या चिमटीपेक्षा हा पालाच जास्त मानवतो.

पाण्याच्या बाबतीत ती नाजूक आहे. ओल हवी, साठलेलं पाणी नको. उन्हाळ्यात पाणी तुटलं नाही तर तेव्हाही ती कणसं धरत राहते. पावसाळ्यात मात्र मुळाशी पाणी तुंबलं की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू संधी साधतो. पानांवर पाणी शोषल्यासारखे काळे डाग पडतात, वेल पेरापेरातून मऊ होऊन कोसळतो, आणि हे आठवड्याभरात होऊन जातं. लागलेला भाग लगेच कापून बाहेर टाका, त्याच कात्रीने निरोगी वेल कापू नका, आणि पावसाच्या आधी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारून ठेवा. उन्हाळ्यात उलट तक्रार येते. पाणी व्यवस्थित असूनही वेल पिवळा पडला तर थोडी माती उकरून पाहा. मुळांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलेला असतो, आणि पानं न्याहाळत बसणाऱ्याला तो दिसतच नाही.

तोडणी, आणि तोंडाची आग

लावल्यापासून साधारण सहा महिन्यांत पहिली कणसं दिसू लागतात. तुरा आल्यापासून तयार व्हायला दोनेक महिने लागतात. इथे फळ पिकू द्यायचं, या आपल्या नेहमीच्या समजाला मुरड घालावी लागते. कणीस पूर्ण भरलेलं, टणक आणि काळपट हिरवं झालं की तोडायचं. पिकून मऊ पडलेल्या पिंपळीचा तिखटपणा गेलेला असतो. शंका आली तर एक कणीस चावून पाहा. आधी किंचित गोडसर लागतं, मग जीभ चुरचुरते आणि थोड्या वेळाने बधिर होते. असं झालं तर ती तयार आहे.

चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. हो, सावलीत वाढलेल्या पिंपळीला शेवटी भर ऊनच लागतं. वाळल्यावर ती करडी-काळी होते आणि दहा भागांचा जेमतेम दीड भाग उरतो. चांगली वाळलेली पिंपळी कट्‌कन मोडते. वाकली, तर अजून ओल आहे आणि बरणीत बुरशी धरेल.

तिचा तिखटपणा पायपरीन या द्रव्याचा, मिरीतही तेच असतं. पायपरीनची एक खासियत अशी की ते दुसऱ्या द्रव्यांचं शरीरातलं शोषण वाढवतं आणि यकृतात त्यांचं विघटन मंद करतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना हळदीतलं कर्क्युमिन २ ग्रॅम आणि सोबत फक्त २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता २० पट वाढलेली दिसली. आयुर्वेदातल्या जुन्या औषधी योगांमध्ये पिंपळी इतक्या वेळा का येते, याचं एक कारण यात दडलेलं असावं.

पण नेमकी हीच गोष्ट जपून हाताळायची आहे. पायपरीन फक्त हळदीलाच मदत करतं असं नाही. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन यांचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवू शकतं, आणि ही औषधं मोजून द्यायची असतात. रोजची गोळी चालू असेल, पोटात व्रण असेल किंवा गर्भारपण असेल तर घरच्या वेलावरची आहे म्हणून पिंपळी औषधासारखी सुरू करू नका. डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा, आणि एकाला दुसऱ्याच्या औषधांबद्दल सांगा. चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन पदार्थांचा अतिवापर टाळायला सांगितला आहे: क्षार, मीठ आणि पिंपळी. पायपरीनचं नाव कोणाला ठाऊक नसताना हे लिहिलं गेलं.

बहुवर्षायू म्हणजे अमर नव्हे, हेही सांगायला हवं. तिसऱ्या वर्षापर्यंत कणसं वाढत जातात, मग वेल दाट आणि म्हातारा होतो आणि उत्पन्न उतरतं. तेव्हा त्याच्याच काड्या घेऊन नवी लावण करायची आणि जुना वेल उपटायचा. उपटलेला वेल टाकून देऊ नका. दीड-दोन वर्षांपुढच्या वेलाची मुळं आणि मुळाजवळची जाड खोडं धुऊन, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून वाळवली की तेच पिंपळमूळ, ज्याला गंठोडा म्हणतात. पंचकोल या पाच द्रव्यांच्या औषधात पिंपळीच्या बरोबरीने तेही असतं.

मी तो नर वेल अजून ठेवला आहे, मादीच्या शेजारच्या टबात. पुढच्या वर्षी त्याची मुळं काढीन म्हणतो.